बाळाची वाटी वेगळी ठेवा

(पोषण महिन्यानिमित्त महासंघाच्या सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं भाषण. पावसामुळे ज्या सख्यांना सभेला येता आलं नाही, त्यांनी आपल्या गटाच्या बैठकीत हे वाचून घ्यावं.)



आज मला लहान मुलांच्या आरोग्यावर बोलायला सांगितलंय. मागच्या रांगेतल्या आक्का मघाशी हळूच म्हणाल्या ते मला ऐकू आलं. "हिचं लगीन न्हाई, पोर न्हाई, ही आमाला काय सांगणार?" आक्का, तुमचं खरं आहे. मी कोल्हापुरात एमएसडब्ल्यू केलं, परीक्षेत बालविकासावर पानंच्या पानं लिहिली, पण माझ्या मांडीवर रात्रभर तापानं फणफणलेलं लेकरू कधी नव्हतं. म्हणून आज पुस्तकातलं कमी सांगते. आपल्याच तालुक्यात माझ्याकडून एक चूक झाली, तिथून सुरुवात करते.

नोकरी लागून मला चार महिने झाले होते. एका गटाच्या बैठकीला गेले होते. गावाचं आणि बाईचं नाव सांगत नाही. अंगणवाडीताईंनी मला वजनाचं रजिस्टर दाखवलं. एका मुलीचं वजन सातव्या महिन्यात ६ किलो ७०० ग्रॅम होतं आणि दहाव्या महिन्यात ६ किलो ६००. तीन महिन्यांत वाढायचं सोडून शंभर ग्रॅम कमी झालं होतं. दंडाला पट्टी लावली तर १२.१ सेंटिमीटर, म्हणजे पिवळ्या रंगात. तिची आई बैठकीतच बसली होती. मी सगळ्यांसमोर तिला म्हणाले, "ताई, बाळाकडं जरा लक्ष द्या. दिवसातनं चार वेळा खायला घालायला पाहिजे. एवढंसुद्धा होत नाही का?"

ती काही बोलली नाही. पुढच्या दोन बैठकांना आली नाही. गटानं नियमाप्रमाणं दंड लावला. मलासुद्धा वाटलं, बाई निष्काळजी आहे.

मग एका दिवशी दुसऱ्या कामाला त्या वाडीत गेले, तेव्हा दुपारी तिच्या घरी डोकावले. घरात तिसरीतली थोरली मुलगी होती. शाळा बुडवून घरी थांबलेली. धाकटीला मांडीवर घेऊन चहात बिस्किट बुडवून भरवत होती. आई कुठं गेली विचारलं, तर म्हणाली, भांगलायला. संध्याकाळी आई आली. मी माफी मागितली. तेव्हा ती म्हणाली, "ताई, मी आठला जातो, सांजच्याला सहाला येतो. चार येळा कसं घालू? आनि न्हाई गेलो तर गटाचा हप्ता कुठनं भरू?"

गटाचा हप्ता. म्हणजे आपला हप्ता. थोरलीच्या दवाखान्यासाठी तिनं गटातनं कर्ज घेतलं होतं. ते फेडायला ती दिवसभर रानात आणि इकडं धाकटीचं वजन घटतंय. आपल्या वहीत तिची परतफेड शंभर टक्के लागत होती आणि अंगणवाडीच्या वहीत तिची मुलगी खाली येत होती. ह्या दोन वह्या कुणी शेजारी शेजारी ठेवून बघितल्याच नव्हत्या. मीही नाही.

आज मला ह्या दोन वह्यांबद्दल बोलायचंय.

आधी एक समजून घेऊ, की एवढी काळजी लहानपणीच का. आपल्या राधानगरीच्या पोरांना धरण समजावून सांगावं लागत नाही. शाहू महाराजांनी बांधायला घेतलेलं धरण कधी भरतं? पावसाळ्यात. त्या चार महिन्यांत जे साठलं त्यावर खालचा सगळा ऊस, सगळी गावं वर्षभर जगतात. बाळाचा पावसाळा असतो हजार दिवसांचा. पोटातले २७० दिवस आणि जन्मानंतरची दोन वर्षं म्हणजे ७३० दिवस. जन्मताना बाळाचा मेंदू मोठ्या माणसाच्या मेंदूच्या साधारण पाव असतो, दोन वर्षांत तो पाऊण होतो. हाडं, उंची, आजाराशी लढायची ताकद, सगळ्याचा पाया ह्याच काळात पडतो. म्हणून कुणी असं समजू नका की दोन वर्षं झाली, आता संपलं. उन्हाळ्यात वळीव पडतो, त्याचाही उपयोग होतोच. पण वळवानं धरण भरत नाही.

आता आपल्या राज्याचं बघू. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या शंभर मुलांपैकी ३५ मुलांची उंची वयाच्या मानानं कमी निघाली. खुजं पोर म्हणजे नुसतं बुटकं पोर नव्हे. ज्या काळात उंची खुंटते त्याच काळात मेंदूलाही कमी पडलेलं असतं. आपण म्हणतो, "आमच्या घराण्यातच बारकी अंगलट." काही वेळा असेलही. पण वजन महिन्याच्या महिन्याला वाढायचं थांबलं, तर ते घराण्याचं काम नाही. काहीतरी कमी पडतंय.

काय कमी पडतं? बहुतेक घरात अन्न असतं. मी ज्या घरात जाते तिथं तांदूळ असतो, नाचणी असते, परड्यात शेवगा असतो. कमी पडतं ते तीन ठिकाणी.

पहिलं, पातळ अन्न. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध. पाणीसुद्धा नाही, घुटी नाही, मध नाही. बाळंत झाल्यावर जो पहिला पिवळसर चीक येतो तो पिळून टाकायचा नाही, ती बाळाची पहिली लस आहे. सहा महिने पूर्ण झाले की उष्टावण करायचं, आणि गडबड इथं होते. आपण वरणाचं पाणी, भाताची पातळ पेज पाजतो. बाळाचं पोट केवढं? त्याच्याच मुठीपेक्षा थोडं मोठं. ते पाण्यानंच भरतं. आमच्या एका आशाताईंनी सोपी खूण सांगितली आहे. चमचा तिरका करा. ओघळून गेलं ते पाणी, चमच्यावर थांबलं ते जेवण. मऊ भात आणि घट्ट वरण कुस्करून, त्यावर चमचाभर तेल नाहीतर तूप. दूध आईचंच, दोन वर्षांपर्यंत चालू.

नाचणीचं सांगते, कारण आपल्या डोंगरातली नाचणी आपण विकतो आणि बाजारातनं डबा आणतो. नाचणी भिजवून, मोड आणून, सावलीत वाळवून, थोडी भाजून दळायची. मोड आणल्यामुळं लापशी शिजवताना फार घट्ट होत नाही. त्यामुळं तेवढ्याच वाटीत पीठ जास्त मावतं आणि बाळाला गिळायलाही सोपं जातं. त्यात शेंगदाण्याचं कूट आणि गूळ घाला. अख्खा शेंगदाणा मात्र लहान मुलाच्या हातात देऊ नका, घशात अडकतो. हे पीठ आठवड्याचं एकदम करून डब्यात ठेवलं, तर घरात जे कोण असेल ते शिजवू शकतं.

आणि अंडी. माझ्यावर रागावू नका, पण मी बघते की घरच्या कोंबडीची अंडी बाजाराला जातात आणि त्याच पैशातनं पोराला बिस्किटाचा पुडा नाहीतर कुरकुऱ्याचं पाकीट येतं. पुड्यात मैदा आणि साखर. चहानं तर अन्नातलं लोह अंगाला लागू देत नाही. आठवड्यातली तीन अंडी विकायची थांबवून घरातल्या बारक्याला द्या. जे खात नाहीत त्यांनी डाळ, दही, कूट वाढवावं. अंगणवाडीचं पाकीट घरी येतं ते बाळाचं आणि आईचं आहे. ते म्हशीच्या आंबोणात जाऊ देऊ नका. हसू नका, मी बघितलंय.

दुसरं, किती खाल्लं हे कुणालाच माहीत नसतं. मोठ्यांच्या ताटात बाळ दोन घास खातं, आजी म्हणते खाल्लं, आई म्हणते खाल्लं. म्हणून माझी आजची सगळ्यात मोठी मागणी अगदी साधी आहे. बाळाची वाटी वेगळी ठेवा. एकच वाटी, रोज तीच. सहा ते आठ महिन्यांत दोन-तीन वेळा, आधी दोन-तीन चमच्यांपासून वाढवत अर्धी वाटी. नऊ ते अकरा महिन्यांत तीन-चार वेळा अर्धी वाटी. वर्षाच्या पुढं तीन-चार वेळा पाऊण ते एक वाटी आणि मधे एखादं केळं, उकडलेलं रताळं. वाटी रिकामी झाली की नाही हे तिसरीतल्या पोरीलाही सांगता येतं. घालण्याआधी हात साबणानं धुवायचे, घालणाऱ्याचे आणि बाळाचेही.

तिसरं, आजारपण. पावसाळ्यात हगवण आणि खोकला. बाळ आठ दिवस आजारी पडलं की महिन्याची कमाई जाते. हगवण लागली की आपण खाणं बंद करतो. "दात येताहेत" म्हणतो. दातानं हगवण होत नाही, घाण हातानं आणि घाण पाण्यानं होते. ओआरएसचं पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात, थोडं थोडं सारखं पाजायचं. झिंकची गोळी १४ दिवस, हगवण थांबली तरी १४ दिवस. आशाताईकडं दोन्ही असतं. अंगावर पाजणं आणि खाणं चालू. आणि बरं झाल्यावर दोन आठवडे दिवसातनं एक वेळ जास्त भरवायचं, म्हणजे गेलेलं वजन परत येतं.

खोकल्यात एक गोष्ट बघा. बाळ शांत असताना अंगावरचं कापड वर करा आणि घड्याळ लावून एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांखालचं बाळ असेल आणि ६० किंवा त्यापेक्षा जास्त, दोन महिने ते वर्षाचं असेल आणि ५० किंवा जास्त, वर्षाच्या पुढचं आणि ४० किंवा जास्त भरले, तर तो साधा खोकला नव्हे. आणि श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, बाळ प्यायचं बंद झालं असेल, निपचित पडलं असेल, तर मोजतही बसू नका. देवऋषी नको, सकाळची वाट नको. १०८ ला फोन करा.

हे श्वास मोजायचं काम कुणी शिकवलं ठाऊक आहे? आपल्यासारख्याच बायकांनी. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग ह्यांनी १९८६ साली 'सर्च' संस्था सुरू केली. तिथं ३९ गावांत थोडं शिकलेल्या गावच्याच बायकांना त्यांनी नवजात बाळाची काळजी शिकवली. वजन करायचं, ऊब द्यायची, श्वास मोजायचे, जंतुसंसर्ग ओळखून औषध द्यायचं. त्या कामाचा अहवाल १९९९ साली 'लॅन्सेट' ह्या जगातल्या मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. नवजात बाळांच्या मृत्यूचं प्रमाण ६२ टक्क्यांनी कमी झालं होतं. आज आपल्या आशाताई बाळंतिणीच्या घरी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी येतात, ती पद्धत त्यातनंच देशभर गेली. म्हणून आशाताई आल्या की "आमचं बाळ बरं हाय" म्हणून दारातनं परत लावू नका.

आणि अंगणवाडी तरी कुठनं आली? ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ह्यांनी १९४५ साली बोर्डीला गरीब मुलांसाठी बालवाडी सुरू केली, पुढं १९५७ पासून कोसबाडला आदिवासी पाड्यांत काम केलं. मुलं शाळेत येईनात, तर ह्या बायका मुलांच्या अंगणात गेल्या. झाडाचा पाला, बिया, शिंपले, मातीची भांडी, ह्यांचीच खेळणी केली. अंगणात भरली ती अंगणवाडी. सरकारनं देशात एकात्मिक बालविकास योजना सुरू केली ती २ ऑक्टोबर १९७५ ला, त्याच्या कितीतरी आधी.

खेळण्यावरनं आणखी एक. पोराचं नुसतं पोट भरून भागत नाही, त्याच्याशी बोलायलाही लागतं. जमैका नावाच्या बेटावर किंग्स्टन शहराच्या गरीब वस्त्यांत १९८६-८७ साली १२९ खुजी मुलं निवडली होती. त्यातल्या काहींच्या घरी आरोग्यसेविका आठवड्यातनं एकदा, तासभर, दोन वर्षं जायच्या. काय करायच्या? आईला मुलाशी खेळायला, बोलायला शिकवायच्या, टाकाऊ वस्तूंची खेळणी न्यायच्या. ती मुलं बावीस वर्षांची झाल्यावर बघितलं, तर ज्यांच्याशी असं खेळलं गेलं होतं त्यांची कमाई बाकीच्यांपेक्षा साधारण २५ टक्के जास्त होती. आपल्याला खेळणी विकत आणायला नकोत. डब्यात चार चिंचोके घालून वाजवा, वाटीवर वाटी ठेवायला द्या, भाकरी थापताना "ही बघ भाकरी, गरम" असं बोला. बाळ आवाज करेल, तुम्ही उत्तर द्या. मोबाईल हातात दिला की बाळ गप्प बसतं खरं, पण मोबाईल त्याला उत्तर देत नाही. आणि हे आजोबांनी, बापानं पण करायचंय. त्यांना सांगा, खेळवल्यानं मिशा गळून पडत नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं बरोबर आहे, पण आमच्या हातात काय? मी पुन्हा त्या घराकडं येते.

मी माफी मागितल्यावर हा विषय, तिची परवानगी घेऊन, गटात मांडला. मला वाटलं वाद होईल. थोडा झालाही. एकजण म्हणाली, "आज हिला सूट दिली तर उद्या समदी मागतील." ते बोलणंही खोटं नव्हतं, गट शिस्तीवरच चालतो. पण गटातल्या एक म्हाताऱ्या मावशी म्हणाल्या, "माझी दोन गेली लहानपनी. तवा कुनी इचारलं न्हाई. आता इचारायला आपन हाय की." बैठक गप्प झाली.

मग तीन गोष्टी ठरल्या. गटाच्या अंतर्गत कर्जाचा तिचा हप्ता तीन महिने निम्मा केला, मुदत वाढवली, पैसे बुडवले नाहीत. बँकेच्या कर्जात असं आपल्या मनानं करता येत नाही, पण अंतर्गत कर्ज आपलं आहे. दुसरं, त्याच मावशींनी दुपारी बाळ सांभाळायचं ठरवलं. आई सकाळी नाचणीचं पीठ आणि वाटी देऊन जायची, मावशी दोन वेळा भरवायच्या. तिसरं, लावलेला दंड माफ केला.

तेराव्या महिन्यात मुलीचं वजन ७ किलो ६०० भरलं. पट्टी १२.८, हिरव्यात. वयाच्या मानानं ती अजून बारीकच आहे, खोटं कशाला सांगू. पण चढती लागली. थोरली पुन्हा शाळेत जाते. आणि तिच्या आईनं वाढीव मुदतीत सगळं कर्ज फेडलं, एक रुपया बाकी नाही.

एकीकडं हे एक घर आहे. दुसरीकडं राज्याचाही अनुभव आहे. २००५ साली महाराष्ट्रात राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू झालं. २००५-०६ साली दोन वर्षांखालच्या शंभर मुलांत ३९ खुजी होती, २०१२ च्या पाहणीत ती साधारण २४ वर आली. हे एका औषधानं झालं नाही. आईचं शिक्षण, लग्नाचं वय, बाळंतपणाची काळजी, अंगणवाडी, सगळं थोडं थोडं सुधारलं. म्हणजे हे नशिबात लिहिलेलं नाही, बदलता येतं.

आपल्या दशसूत्रीतली पहिली पाच सूत्रं बैठक, बचत आणि पैशाची आहेत, ती आपल्याला पाठ आहेत. सहावं सूत्र आरोग्याचं आहे, ते आपण म्हणतो आणि पुढं जातो. म्हणून माझी प्रत्येक गटाला विनंती आहे, येत्या बैठकीत हे पाच ठराव घ्या.

एक. गटात दोन वर्षांखालचं मूल कुणाकडं आहे, गरोदर कोण आहे, ह्याची यादी वहीच्या शेवटच्या पानावर करा. महिन्यातनं एकदा बाळाचं वजन वाढलं की नाही एवढंच लिहा. आकडा मोठ्यानं वाचायचा नाही आणि माझ्यासारखं चारचौघांत बोलायचं नाही. वजन दोन महिने वाढलं नाही तर दोघींनी घरी जाऊन विचारायचं, "आम्ही काय करू?"

दोन. बाळ आजारी असल्यामुळं किंवा बाळंतपणामुळं बैठक चुकली तर दंड नाही.

तीन. आजारपणासाठी छोटं कर्ज बैठकीची वाट न बघता, अध्यक्ष, सचिव आणि कोषाध्यक्ष तिघींच्या सहीनं त्याच दिवशी द्यायचं. रात्री अकराला सावकाराच्या दारात कुणाला जावं लागू नये.

चार. भांगलणीच्या आणि लावणीच्या हंगामात कुणाचं बाळ कोण सांभाळणार, हे आधी ठरवायचं. सांभाळणाऱ्या मावशींना फुकट राबवू नका, गटानं काहीतरी ठरवून द्या.

पाच. ऊसतोडीला बीडकडनं माणसं येतात, आपल्याच शिवारात खोपी टाकतात. त्यांची लेकरं थंडीत फडाच्या बांधावर असतात. ती दिसली की अंगणवाडीताईंना कळवा. त्यांनाही लस आणि आहार मिळायचा हक्क आहे. आपल्या चुलीत घालायचा ऊस ते तोडत नाहीत, पण आपल्या हंगामाचा पैसा त्यांच्याच हातानं येतो.

आणि सासूबाईंना एक वेगळी विनंती. तुम्ही आठ-आठ लेकरं वाढवलीत, तुमचा अनुभव मोठा आहे. पण सून बाळंत झाली की तिचं खाणं कमी करू नका, आणि गरोदरपणी "पोर मोठं झालं तर अवघड जातं" म्हणून तिला उपाशी ठेवू नका. घरात आधी पुरुष, मग पोरं, मग सासू आणि उरलेलं सुनेला, ही रांग एका वर्षासाठी तरी मोडा. तुमच्या शब्दाशिवाय ती मोडणार नाही.

मला अजून खूप शिकायचंय. त्या दिवशी मी त्या ताईला विचारलं होतं, एवढंसुद्धा होत नाही का? आता मी कुठल्याही घरात गेले की आधी विचारते, दिवस कसा जातो तुमचा? उत्तर ऐकल्यावर मग बोलते.

घरी गेल्यावर आज एवढंच करा. मांडणीवरनं एक वाटी काढा, धुवा, आणि सगळ्यांना सांगा, ही बाळाची. तिला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.